ऐकणे आणि मानणे

बायबलच्या हिब्रू भाषेत कानाला 'ओझेन' म्हणतात, आणि 'शमा' म्हणजे ऐकणे. आज्ञा पाळणे या अर्थासाठीही ती भाषा बहुधा हाच धातू वापरते. ज्याने ऐकले त्याने मानले, हे तिने गृहीत धरले आहे. आम्हां सीमाभागातील मराठी माणसांना याचे नवल वाटू नये. 'पोरगा ऐकत नाही' ही आपली तक्रार त्याच्या कानांविषयी नसते. शेजारच्या कन्नडातील 'केळु'ही ऐकणे, विचारणे आणि मानणे असे तिन्ही भार वाहतो.

साम्य आहे, तसा भेदही आहे. हिब्रूत कान उघडणे म्हणजे गुपित कानी घालणे. आपल्याकडे कानउघाडणी म्हणजे खरडपट्टी. कान टोचणे हा आपला संस्कार. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात मात्र सुटका नाकारून धन्याकडेच राहणाऱ्या दासाचा कान दारापाशी आरीने टोचावा, असा नियम आहे. हा कान यापुढे याच घराचे ऐकणार, असा त्याचा आशय आम्हांस दिसतो.

हा 'शमा' मराठी मुलखात फार पूर्वीच पोचला होता. कोकणातील बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या घरात मराठी रुजली, हिब्रू विस्मरणात गेली. परंतु 'शमा'ने आरंभ होणारे धर्मवचन त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवले. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले, आणि तेथे त्यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक काढले.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या रानात, मराठी कुटुंबात झाला. त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे हे काम चालू होते. कानावरचा शब्द त्यांनी कागदावर उतरविला.

या दोन्ही कथा बेळगाव-निपाणीच्या जुन्या मराठी घरांनी एकत्र वाचाव्यात. बेने इस्राएलांच्या कानांनी एक वचन राखले; संपूर्ण भाषा राखणे केवळ कानांना जमले नाही. आमच्या ज्या नातवंडांच्या शाळेत आता मराठी नाही, त्यांच्या कानांवर ती पडते, एवढ्यावर आम्ही निश्चिंत राहणे बरे नव्हे. ऐकविणाऱ्या आजीच्या शेजारी एक वाचते पुस्तकही हवे.