सातबाऱ्यावरचा ‘आकार’ आणि वीतभर मातीचा इतिहास

आज लढाई नाही, राजा नाही, किल्लाही नाही. आज माती. त्यातही नुसती माती नाही, तर मातीची खोली. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणाऱ्या ज्या घरांची गावाकडे जमीन आहे, त्यांच्या फॅमिली ग्रुपवर सातबाऱ्याचा पीडीएफ एकदा तरी येऊन गेलेला असतो. आपण नाव बघतो, क्षेत्र बघतो आणि फोन बाजूला ठेवतो. त्याच पानावर ‘आकार’ नावाचा एक रकाना आहे. आकडा असतो अगदी किरकोळ, काही रुपये आणि काही पैसे. एवढ्यात आज कटिंग चहाही मिळणार नाही. पण या आकड्याच्या मुळाशी शेतात खणून बघितलेली माती आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि दख्खन कंपनी सरकारच्या हातात आली. सारा किती घ्यायचा, हा पहिला प्रश्न. पुणे भागाच्या मोजणीचं काम आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याकडे होतं. त्याच्या डोक्यात रिकार्डो या अर्थतज्ज्ञाचा सिद्धांत. पिकातून खर्च वजा करायचा, उरेल त्यावर सारा लावायचा. कागदावर छान. पण दर जमिनीला पेलवेनात. इंदापूर तालुक्यात १८३० च्या सुमाराला हे दर लागू झाले आणि थोड्याच वर्षांत थकबाकी साचली, शेतं पडीक पडली, माणसं गावं सोडून निघाली.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर इंदापुरात नव्यानं कामाला लागले. त्यांनी पिकाचा हिशेब मागे ठेवला आणि जमिनीचा पोत आणि खोली बघायला सुरुवात केली. पुढे १८४७ च्या ‘जॉइंट रिपोर्ट’मध्ये या पद्धतीचा पक्का तक्ताच तयार झाला.

तक्ता समजायला सोपा आहे. माती तीन जातींची. पहिली काळी, बारीक पोताची. दुसरी जाडसर, बहुतेक तांबडी. तिसरी भरड, खडेमिश्रित, आपल्या भाषेत बरड. शेताचे सारखे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणायचं आणि माती किती हात खोल आहे ते बघायचं. काळी माती पावणेदोन हात खोल, म्हणजे साधारण ३१ इंच असेल, तर १६ आणे. खोली कमी होईल तसे आणे कमी. सगळ्यात शेवटी बरड जमीन, खोली पाव हात. तिला फक्त २ आणे.

पाव हात म्हणजे किती? साडेचार इंच. तुमच्या हातातला फोन उभा धरला तर त्याच्याहूनही कमी!

याशिवाय दोष लिहायचे. मातीत चुनखडीचे खडे आहेत, जमीन उतरती आहे, पाणी मुरत नाही, पावसाच्या लोंढ्यानं वाहून जाते. एकेका दोषागणिक जमीन एक वर्ग खाली उतरायची.

आता खोलीला एवढं महत्त्व का? दख्खनच्या माळावर वर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण. पाणी साठवायची टाकी म्हणजे ती वरची माती. मुरमातून पाणी थोडं झिरपतं, पण तो ते धरून ठेवत नाही, आणि कडक मुरमात मुळंही शिरत नाहीत. टाकीच जर चार इंचांची असेल, तर मोठा पाऊस पडला तरी बराचसा वाहूनच जाणार. मग पावसानं दोन-तीन आठवडे दडी मारली की बाजरी मान टाकते. शेजारच्या खोल काळ्या रानात मात्र पाऊस संपल्यावरही नुसत्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. गाव एक, पाऊस एक, नशीब वेगळं.

पण या तक्त्यात एक मोठी फट होती. त्यानं मातीची किंमत पिकासाठी लावली, गवतासाठी नाही. कुसळीसारखं गवत त्या वीतभर मातीतही उगवतं, पावसाळ्यात वाढून घेतं आणि नंतर वाळून चारा म्हणून उभं राहतं. धनगरांच्या मेंढ्या त्यावरच जगल्या. सरकारी हिशेबात हे रान म्हणजे दोन आण्यांची जमीन, नाहीतर सरळ ‘पड’.

नवे दर हलके होते, ३० वर्षांसाठी कायम होते, म्हणून लागवड वाढली. नांगर चांगल्या जमिनीवरून हलक्या जमिनीवर सरकला. अडचण अशी की सारा रोख आणि ठरलेला, पीक येवो न येवो. वाईट वर्षी बरड रानवाला सावकाराच्या दारात. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. ते युद्ध संपलं आणि भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमाराला ३० वर्षांची मुदत संपली आणि सारा वाढला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हेच ते दख्खनचे दंगे. कारणं अनेक होती, पण पातळ मातीवर लादलेलं पक्कं देणं हे त्यातलं एक. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ आला.

तोवर बोर घाटातून रेल्वे झाली होती. घाटावरची माणसं गिरण्यांसाठी, गोदीसाठी मुंबईला उतरत राहिली. आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा, खापरपणजोबा त्यातलेच.

आता म्हणाल, कल्याणला तर धो-धो पाऊस, इथं हा प्रश्न कुठला? ठाणे जिल्ह्याच्या जुन्या उताऱ्यांवर दोन शब्द भेटतात, ‘तरी’ आणि ‘वरकस’. तरी म्हणजे खालची भाताची जमीन. वरकस म्हणजे उतारावरची पातळ माती, जिथं नाचणी, वरई व्हायची आणि भाताच्या रोपवाटिकेच्या राबासाठी पालापाचोळा, गवत मिळायचं. इथं घाटावरच्या कित्येक पट पाऊस पडतो, तरी मार्चमध्ये मलंगगडाच्या बाजूचे उतार पिवळे पडतात. का? पाणी धरायला खाली मातीच नाही. आज बिल्डरला असली जमीन सोन्याची. शंभर वर्षांपूर्वी साऱ्याच्या हिशेबात ती तळाला होती.

तर मंडळी, आज एक काम करा. सातबारा उघडा. एकाच गावातले आपले दोन जिरायत तुकडे घ्या आणि आकाराला क्षेत्रानं भागा. मधल्या काळात दर बदलले, गट पडले, तरी साधारणपणे ज्याचा आकडा मोठा, ती जमीन जुन्या मोजणीत खोल आणि सकस ठरलेली. ‘पोटखराबा’ही बघा. तो भाग पिकाच्या लायकीचा नाही, असं सरकारनं ठरवलेलं. तिथं पूर्वी कुणाची गुरं चरायची, हे आजीला विचारा, कारण ते कुठल्याच रकान्यात नाही.

आणि भावाभावांत वाटणीची वेळ आली, तर नुसते गुंठे मोजू नका. एक पहार घ्या आणि चार ठिकाणी खणून बघा. दोन एकर काळी आणि दोन एकर बरड ही वाटणी टेपनं मोजली तर बरोबर दिसते, पण एका भावाच्या घरी ज्वारी येते आणि दुसऱ्याच्या घरी मुंबईचं तिकीट. जुन्या गावकऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून ते प्रत्येक शेतातला तुकडा प्रत्येक भावाला द्यायचे. त्यापायी जमिनीचे किती बारीक तुकडे झाले, ती गोष्ट पुढच्या भागात.

तोवर तुमच्या गावाकडे बरड जमिनीला काय म्हणतात, ते नक्की कळवा. भेटूया!