किल्लेदारी ते क्लाउड : आभासी संगणकांच्या व्यवस्थापनातील प्रवेशाधिकाराचा इतिहास

अहमदनगरचा भुईकोट किल्ला १७५९ मध्ये पेशव्यांच्या ताब्यात आला, तो तटाला खिंडार पाडून नव्हे. किल्लेदार कवीजंग याने पैसे घेऊन तो स्वाधीन केला. त्याआधी १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तटाचा भाग उडवला, तरी चांदबिबीने किल्ला राखला होता. तटाची मजबुती आणि दरवाजाचा अधिकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे नगरच्या इतिहासावरून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात हाच भेद संगणकाच्या क्षेत्रात, आभासी संगणकांचे व्यवस्थापन करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संदर्भात तपासला आहे.

एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा आभास निर्माण करण्याचे तंत्र आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये व्हीएम/३७० या प्रणालीद्वारे बाजारात आणले. प्रत्येक वापरकर्त्याला आपला संगणक पूर्ण व स्वतंत्र भासे. शेजाऱ्याची माहिती त्याला दिसत नसे. अधिकारांचे वर्ग ठरलेले होते. ‘जी’ वर्गाच्या सामान्य वापरकर्त्याचे अधिकार त्याच्या स्वतःच्या आभासी यंत्रापुरते, तर ‘ए’ वर्गाच्या मुख्य संचालकाचे संपूर्ण प्रणालीवर चालत. हा संचालक बहुधा यंत्राच्याच खोलीत बसे, म्हणजे पासवर्डच्या जोडीला दाराचे कुलूपही राखण करी. १९७५ मध्ये सॉल्टझर व श्रोडर यांनी, प्रत्येकास कामापुरताच किमान अधिकार असावा, हे तत्त्व मांडले.

पुढे व्हीएमवेअरने २००३ मध्ये अनेक आभासी संगणक एकाच पडद्यावरून हाताळण्याची सोय दिली, आणि २००६ पासून ॲमेझॉनने असे संगणक भाड्याने देण्यास आरंभ केला. संचालकाची खुर्ची बंद खोलीतून उठून नेटवर्कवर आली. या स्थित्यंतराची पुरेशी दखल त्या काळी घेतली गेली नाही, असे म्हणावे लागते.

त्याची किंमत २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीने मोजली. खंडणीखोराने तिच्या ॲमेझॉनवरील नियंत्रण-पटलात प्रवेश मिळवला. कंपनीने पासवर्ड बदलले. परंतु त्याने आधीच पर्यायी प्रवेश-खाती उघडून ठेवली होती. मूळ माहिती आणि तिच्या बहुतेक प्रती एकाच पटलाखाली असल्याने दोन्ही पुसल्या गेल्या व कंपनी बंद पडली. आभासी संगणकांमधील भिंत मात्र अभंग होती.

२०२१ मध्ये व्हीएमवेअरच्या व्हीसेंटर या व्यवस्थापन-प्रणालीचा एक जोडभाग ओळख न पटवताच बाहेरून आलेली फाइल स्वीकारत असल्याचे उघड झाले. त्याहून विलक्षण त्रुटी मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये जाहीर केली. संस्थेच्या सामाईक वापरकर्ता-सूचीशी जोडलेला ईएसएक्सआय सर्व्हर ‘ईएसएक्स ॲडमिन्स’ या नावाच्या गटातील प्रत्येकास पूर्ण अधिकार देई. असा गट सूचीत मुळात नसे. तो निर्माण करण्याइतपत परवानगी मिळवलेल्या घुसखोराला तेवढे पुरे होई. नगरला किल्लेदार फितला होता. येथे किल्लेदाराचे नाव लावणारा प्रत्येक जण किल्लेदार ठरला. या त्रुटीची तीव्रता कंपनीने १० पैकी ६.८ ठरवली, परंतु खंडणीखोर टोळ्या तिचा वापर करीत होत्या हे पाहता तो आकडा दिशाभूल करणारा वाटतो.

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै २०२४ रोजी, सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा-कंपनीवर खंडणी-हल्ला झाल्याचे उघड झाले. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला आपल्या जाळ्यातून वेगळे केल्याने देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या व्यवहारांवर परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. वरील त्रुटीशी या घटनेचा संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र अनेक सहकारी व ग्रामीण बँकांची कामे एकाच सेवा-कंपनीकडे एकवटली होती, हे त्यातून दिसले. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यापासून सहकाराचा वारसा सांगणाऱ्या नगर जिल्ह्यास ही बाब परकी नाही. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांकडील दोन किल्ल्यांनी उघडण्याची रीत जुनी आहे. आभासी संगणक पुसून टाकण्याच्या आज्ञेस दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती आवश्यक ठरवण्याची सोयही आज अनेक प्रणालींत उपलब्ध आहे. परंतु ती आपोआप लागू होत नाही, संस्थेला ती स्वतः लावून घ्यावी लागते.