पर्ल प्रायमसने कविता का नाचली?

या जयंतीच्या तयारीत आमच्या वस्तीत एक वाद झाला. अभ्यासिकेतल्या चार मुलींनी एका आंबेडकरी कवितेवर नाच बसवायचे ठरवले होते. गाणे नाही, ढोलकी नाही. एकीने कविता म्हणायची आणि तिघींनी ती अंगाने मांडायची. विहारातल्या बैठकीत विषय निघाला तशा एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "बाबासाहेबांनी आपल्या बायांच्या पायातले चाळ सोडवले. तुम्ही परत बांधता काय?"

बैठक गप्प झाली. आम्हीही गप्प झालो, कारण आजींचे म्हणणे खोटे नव्हते. कार्यक्रम रद्द झाला. पण त्या मुलींचे चेहरे आमच्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणून हा लेख.

आधी आजींची बाजू

आजींच्या मागे इतिहास उभा आहे. मुरळी, जोगतीण, तमाशातली नाचणारी या भूमिका आपल्या समाजातल्या बायांनी हौसेने निवडल्या नव्हत्या. जातीने त्या वाटून दिल्या होत्या. गावाने रात्री फडात शिट्ट्या मारायच्या आणि सकाळी त्याच बाईची सावली टाळायची, अशी ही व्यवस्था होती. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर केलेल्या संशोधनात हेच दाखवले आहे. 'अश्लील' हा शिक्का जातीच्या शिक्क्याला जोडूनच येतो.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या भगिनींपुढे बोलले. हे जिणे सोडा आणि मानाने जगा, हा त्यांचा आग्रह होता. त्याच काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तमाशाचा ढाचा त्यांनी घेतला, पण शृंगाराला आणि बाईच्या नाचाला फाटा दिला. तेव्हा ते योग्यच होते.

आता दुसरी बाजू बघा. त्याच १९३६ साली मद्रासमध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्राची स्थापना केली. देवदासींचा नाच तिथे 'शास्त्रीय' झाला आणि ब्राह्मण घरातल्या मुली तो अभिमानाने शिकू लागल्या. म्हणजे ज्यांचा नाच होता त्यांच्या वाट्याला लाज आली आणि ज्यांनी तो उचलला त्यांना पुढे पद्म पुरस्कार मिळाले. मग सोडायचे काय होते? नाच, की नाचवणाऱ्याचा हक्क? या प्रश्नाचे एक उत्तर आम्हाला न्यूयॉर्कमधल्या एका काळ्या स्त्रीच्या आयुष्यात सापडले.

प्रयोगशाळेचे दार बंद झाले म्हणून

पर्ल प्रायमसचा जन्म १९१९ सालचा, त्रिनिदादचा. लहानपणीच ती आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आली. १९४० मध्ये हंटर कॉलेजातून तिने जीवशास्त्राची पदवी घेतली. पण काळ्या मुलीला प्रयोगशाळेत काम कोण देणार? पदवी हातात आणि दार बंद, हा अनुभव आपल्या किती घरांत आहे ते सांगायला नको. मिळेल ते काम करता करता ती नाचाकडे वळली. १९४१ मध्ये तिला न्यू डान्स ग्रुपची शिष्यवृत्ती मिळाली. नृत्य हे लढ्याचे हत्यार आहे असे मानणाऱ्या डाव्या कलावंतांनी १९३२ साली हा गट काढला होता.

१४ फेब्रुवारी १९४३ रोजी ती न्यूयॉर्कच्या ९२व्या रस्त्यावरच्या ज्यू संस्थेच्या सभागृहात पहिल्यांदा आपली नृत्ये घेऊन उभी राहिली. त्यांत 'स्ट्रेंज फ्रूट' होते. ही कविता एबल मीरोपोल या ज्यू शिक्षकाची. दक्षिणेत झुंडी काळ्या माणसांना मारून झाडाला लटकवत, त्या लिंचिंगवर ती आहे. १९३७ मध्ये ती शिक्षक संघटनेच्या मासिकात छापून आली आणि १९३९ पासून बिली हॉलिडेने गाऊन ती जगभर नेली.

प्रायमसने मात्र गाणे घेतले नाही. नुसते शब्द बोलले जात आणि ती अनवाणी नाचे. आणि ती नाचत होती कोण होऊन? लटकलेला माणूस होऊन नाही, त्याची आई होऊनही नाही. लिंचिंग पाहून झुंड पांगली आहे, शेवटची बाई निघता निघता मागे वळून बघते आणि जे पाहिले त्याची दहशत तिला धरते. ती बाई झुंडीतली, गोरी होती, असे प्रायमसने पुढे सांगितले. काळ्या नर्तकीने स्वतःच्या अंगावर अत्याचार बघणारीचे पाप घेतले आणि ते प्रेक्षकांसमोर जमिनीवर लोळवले.

आम्ही हे वाचले तेव्हा खैरलांजी आठवली. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले गेले. मारणाऱ्यांवर खटला चालला. पण जे बघत राहिले त्यांचे काय? आपल्या कवितेने मेलेल्यांचा आक्रोश पुष्कळ मांडला. बघणाऱ्याला रंगमंचावर खेचून आणायचे काम अजून बाकी आहे.

नद्यांची कविता आणि बाबासाहेबांचे पत्र

प्रायमसने लँग्स्टन ह्यूजची 'द नीग्रो स्पीक्स ऑफ रिव्हर्स' ही कविताही नाचली. युफ्रेटिसपासून काँगो, नाईल आणि मिसिसिपीपर्यंत नद्यांच्या काठाने काळ्या माणसाचा हजारो वर्षांचा इतिहास सांगणारी ही छोटी कविता. ती १९२१ मध्ये 'द क्रायसिस'मध्ये छापली गेली तेव्हा त्या मासिकाचे संपादक होते डब्ल्यू. ई. बी. डुबॉय. याच डुबॉयना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले. काळ्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडणाऱ्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, आणि अस्पृश्यांची आणि काळ्यांची स्थिती किती सारखी आहे हेही त्यांनी त्यात लिहिले. म्हणून ही कथा आमच्यासाठी परक्यांची नाही. पुढे डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले, त्यांनी काळ्यांच्या साहित्याची ओळख आपल्या लिहित्या पिढीला करून दिली आणि १९७२ मध्ये दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. आपण त्यांच्याकडून कविता घेतली, संघटना घेतली. देह मात्र तिथेच राहिला.

प्रायमसने देह कसा कमावला तेही बघू. तिच्या उड्या पाहून समीक्षक थक्क होत. पण काळी नर्तकी म्हटली की 'आदिम', 'उपजत' हे शब्द हाताशी तयारच असत. आपल्याकडे 'रक्तातच नाच आहे' म्हणतात ना, तेच. तिचे उत्तर होते अभ्यास. आफ्रिकन नृत्यावरचे काम उभे करण्याआधी तिने ग्रंथालये पालथी घातली. १९४४ च्या उन्हाळ्यात ती दक्षिणेत गेली, बटाईने शेत कसणाऱ्या कुटुंबांबरोबर राहिली, कापूस वेचला, काळ्यांच्या चर्चमध्ये जाऊन लोक कसे डोलतात, कसे कोसळतात ते पाहिले. १९४८ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ती आफ्रिकेत गेली. एफबीआयने तिच्यावर पाळत ठेवली. १९७८ मध्ये तिने न्यूयॉर्क विद्यापीठाची पीएचडी मिळवली. तिने तयार केलेल्या जमिनीवरच १९७० च्या दशकात एन्टोझाके शांगे यांनी कविता आणि नाच एकत्र विणून नवा नाट्यप्रकार उभा केला आणि काळ्या स्त्रियांचे जगणे १९७६ मध्ये ब्रॉडवेवर नेले.

आजींना आमचे उत्तर

आजी, चाळ कुणी बांधले यावर सगळे ठरते. पाटलाने बांधले तेव्हा ती बेडी होती आणि बाबासाहेबांनी ती तोडली. पण आपल्या मुलीने कविता स्वतः निवडली, तिचा अर्थ स्वतः लावला, काय दाखवायचे आणि काय नाही हे स्वतः ठरवले, तर तिच्या देहाचा मालक कोण? तीच. तिला थांबवताना आपण नकळत जुन्याच समजुतीला दुजोरा देतो, की आपल्या बाईचा देह फक्त बघणाऱ्याच्या नजरेसाठी असतो.

तुमची भीती मात्र आम्ही सोडून देणार नाही. म्हणून पुढच्या जयंतीसाठी आम्ही तीन अटी मांडत आहोत. कविता मुली निवडतील आणि आधी विहारात तिच्यावर चर्चा होईल. नोटा उधळणाऱ्याला बाहेर काढले जाईल. आणि नाच संपल्यावर मुली स्वतः माईक घेऊन सांगतील की त्यांनी हे का केले.

तुम्ही पहिल्या रांगेत बसा. पटले नाही तर तिथेच उठून सांगा. माईक तुमच्याही हातात देऊ.

जय भीम!