खोकड, रेबीज आणि कोंबडीच्या मुंड्या

'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आणि पुढे वर्गात शिकवलीही. पण इसापाच्या मूळ गोष्टीतला प्राणी कोल्हा नाही, तो खोकड आहे. दोघेही कुत्र्याच्या कुळातले, पण निराळे. आपल्याकडच्या माळरानावर झुपकेदार शेपटीचा लहानखुरा खोकड राहतो, आणि तो माणसाच्या सहसा दृष्टीस पडत नाही. युरोपातला तांबडा खोकड मात्र अंगाने मोठा आणि माणसाला सरावलेला असतो. शेताचा बांध, कोंबड्यांचे खुराडे, परसबाग, कचऱ्याचा डबा या सगळ्या जागा त्याच्या नेहमीच्या फेरीतल्या. घराच्या इतक्या जवळ वावरणाऱ्या या रानटी प्राण्यामुळे विसाव्या शतकात युरोपवर एक संकट आले. ते निवारताना जो धडा मिळाला, त्याचा आपल्या गल्लीशी संबंध आहे. म्हणून हा इतिहास आपण पाहू.

पूर्वेकडून आलेली साथ

६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चरने कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टर या मुलाला रेबीजची लस टोचली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतरच्या काही दशकांत कुत्र्यांना मुसके बांधणे, परवाने आणि भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त या उपायांनी पश्चिम युरोपातून कुत्र्यांचा रेबीज जवळजवळ नाहीसा झाला. लोक निश्चिंत झाले. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंड-रशियाच्या सीमाभागात रेबीज खोकडांमध्ये शिरला आणि तिथून पश्चिमेकडे सरकू लागला. त्याचा वेग वर्षाला साधारण २० ते ६० किलोमीटर होता. जर्मनी ओलांडून तो १९६७ साली स्वित्झर्लंडमध्ये आणि १९६८ साली फ्रान्समध्ये, म्हणजे पाश्चरच्याच देशात, पोहोचला.

पिसाळलेला खोकड माणसाची भीती विसरतो. तो दिवसाढवळ्या अंगणात येतो, गोठ्यात शिरतो, गाईला चावतो, मांजराशी झुंजतो. गाय किंवा मांजर आजारी पडले की रोग माणसाच्या दाराशी आलाच. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे गावोगावी धास्ती पसरली.

मारून साथ थांबेना

सरकारांनी पहिला उपाय केला तो कोणालाही सुचेल असाच होता : खोकड मारा. बंदुका चालल्या, बक्षिसे लागली, बिळांत विषारी वायू सोडला गेला. खोकड पुष्कळ वेळा बिज्जूच्या बिळात मुक्काम करतो. त्यामुळे वायूने बिज्जूही मोठ्या संख्येने मेले. डेन्मार्कसारख्या ठिकाणी, जिथे द्वीपकल्पाची चिंचोळी पट्टीच तेवढी राखायची होती, तिथे या उपायाला काही यश आले. बाकी युरोपात साथीची आघाडी पुढेच सरकत राहिली.

असे का व्हावे? याचे उत्तर खोकडाच्या राहणीत आहे. खोकडांची प्रत्येक जोडी आपला इलाखा राखून असते. मादीला वर्षाला साधारण ४-५ पिल्ले होतात. ती मोठी झाली की त्यांतली बरीच नव्या इलाख्याच्या शोधात बाहेर पडतात. एक जोडी मारली की तो इलाखा रिकामा होतो आणि शेजारपाजारचे तरुण खोकड तिथे धाव घेतात. त्यांच्यात जागेसाठी भांडणे होतात, चावाचावी होते, आणि रेबीज तर चाव्यातूनच पसरतो. अन्न मुबलक असल्यामुळे जगणाऱ्या पिल्लांची संख्याही वाढते. मेहनतीने केलेली पोकळी वर्षभरात भरून निघे.

मुंबईच्या प्लेगचे गणित

साथीमागचे गणित मात्र त्याआधीच मांडले गेले होते, आणि त्याचा एक धागा आपल्याकडचा आहे. अँडरसन मॅकेंड्रिक हा स्कॉटिश डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता. पिसाळलेले कुत्रे चावलेल्यांवर उपचार करणाऱ्या कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा तो काही वर्षे संचालक होता. मायदेशी परतल्यावर त्याने रसायनशास्त्रज्ञ विल्यम कर्मॅक याच्याबरोबर १९२७ साली साथींच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला. आपले समीकरण पडताळण्यासाठी त्यांनी जी आकडेवारी घेतली ती १९०५-०६ च्या मुंबईतील प्लेगच्या मृत्यूंची होती.

या निबंधाचा मथितार्थ विद्यार्थ्यांनाही समजेल. साथ ओसरण्यासाठी सगळेच्या सगळे मरावे किंवा आजारी पडावे लागत नाहीत. रोग होऊ शकेल अशांची दाटी एका मर्यादेखाली गेली की साथ आपोआप विझते. समजा, एक आजारी खोकड सरासरी दोन निरोगी खोकडांना रोग देतो. मग एकाचे दोन, दोनाचे चार अशी साथ वाढेल. पण निम्म्याहून अधिक खोकडांना रोगप्रतिकारक शक्ती आली, तर एका आजाऱ्यामागे सरासरी एकही नवा आजारी मिळणार नाही. तो तीन खोकडांना रोग देत असेल, तर दोन-तृतीयांशाहून अधिक खोकड सुरक्षित हवेत.

१९८१ साली रॉय अँडरसन, रॉबर्ट मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच गणित युरोपातल्या खोकडांना लावले. त्यांच्या हिशेबाने साथ टिकायला दर चौरस किलोमीटरमागे सुमारे एक खोकड लागतो. दाटी त्याखाली आणायला मारण्याचा मार्ग आहे आणि लसीचाही. फरक असा, की मेलेल्या खोकडाची जागा रोग होऊ शकेल असा नवा खोकड घेतो, तर लस मिळालेला खोकड आपला इलाखा स्वतःच राखतो. जणू तो आपल्या बाजूने पहारा देतो.

१७ ऑक्टोबर १९७८

पण रानातल्या खोकडाला इंजेक्शन कोण देणार? जॉर्ज बेअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली अमेरिकेत दाखवून दिले, की दुबळा केलेला जिवंत विषाणू तोंडावाटे दिला तरी खोकडात प्रतिकारशक्ती येते. स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्झ श्टेक, अलेक्झांडर वांडेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना रानात नेली. त्यांनी कोंबडीच्या मुंड्या आणल्या, प्रत्येक मुंडीच्या कातडीखाली लसीची छोटी पुडी बसवली, आणि १७ ऑक्टोबर १९७८ रोजी ऱ्होन नदीच्या खोऱ्यात त्या टाकायला सुरुवात केली. पहिल्या वेळी सुमारे ४ हजार मुंड्या टाकल्या. खोकडाने मुंडी चावली की पुडी फुटे आणि लस तोंडाच्या आतल्या त्वचेला लागे.

मुंडी खाल्ली की नाही हे कळावे म्हणून आमिषात टेट्रासायक्लीन घातले होते. हे औषध हाडांत साठते आणि जंबुपार किरणांखाली पिवळे चमकते.

हे धाडस होते. रेबीजचा जिवंत विषाणू, दुबळा का होईना, मोकळ्या रानात टाकायचा होता. तो उंदरांना पूर्णपणे निरुपद्रवी नव्हता. म्हणून आधी इतर प्राण्यांवर चाचण्या झाल्या आणि नंतर रानातल्या उंदरांवरही नजर ठेवली गेली. खोऱ्याच्या तोंडाशी लस घेतलेल्या खोकडांची जणू भिंत उभी राहिली. साथ तिथे अडली, आणि वरचे खोरे वाचले.

जर्मनीने १९८३ साली हाच मार्ग धरला. पुढे मुंड्यांच्या जागी यंत्रावर बनवलेली, मासळीच्या भुकटीची आमिषे आली आणि ती विमानातून टाकता येऊ लागली. नवी पिल्ले दरवर्षी येतात, म्हणून वसंतात आणि शरदात, वर्षातून दोनदा, हे काम चाले. १९८७ साली बेल्जियममध्ये नव्या, जनुकीय तंत्राने केलेल्या लसीची चाचणी झाली. फ्रान्स २००१ साली आणि जर्मनी २००८ साली रेबीजमुक्त ठरले. पूर्व सीमेवर आमिषे टाकण्याचे काम मात्र थांबलेले नाही.

खोकड नाहीसा झाला नाही. उलट रोग हटल्यावर त्याची संख्या पुष्कळ वाढली आणि झुरिकसारख्या शहरांत तो रस्त्यावर सर्रास दिसू लागला. त्याच्या पोटातल्या एका पट्टकृमीमुळे माणसाला यकृताचा गंभीर आजार होतो, ती काळजी आता नव्याने करावी लागते. एक प्रश्न सुटला म्हणजे शेजाऱ्याबरोबरचे सगळे प्रश्न सुटले असे होत नाही.

आपल्या गल्लीत

आपल्याकडे रेबीज मुख्यतः कुत्र्यांमुळे होतो. २०२२-२३ मधील देशव्यापी सर्वेक्षणावरून वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा अंदाज बांधला गेला. कुत्रा चावल्याची बातमी आली की 'मारून टाका' ही मागणी होते. तो राग आम्ही समजू शकतो, पण युरोपाने तो मार्ग चोखाळून पाहिला आहे. गोव्यात २०१३ पासून जाळ्याने व हाताने धरून कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम सुरू झाली. सुमारे ७० टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोहोचल्यावर कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या प्लेगवर तपासलेले गणित गोव्यातही खरे ठरले.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. फळ्यावर शंभर ठिपके काढा, काही पुसा, काहींभोवती वर्तुळ करा आणि मुलांना विचारा : पुसलेल्या ठिपक्याच्या जागी पुढच्या वर्षी काय येईल? आणि वर्तुळातल्या ठिपक्याच्या जागी? त्याच तासाला हेही सांगा, की कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची, मोठ्यांपासून लपवायचे नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. गणित विसरले तरी चालेल, पण हे विसरून चालणार नाही.