नोंदवही आणि राज्यांच्या सीमा

शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाने पोलिसांकडे जाऊन नाव-पत्ता नोंदवलाच पाहिजे, ही सक्ती अमेरिकेत प्रथम आली ती लैंगिक गुन्हेगारांसाठी नव्हे. १९३०च्या दशकात लॉस एंजेलिस परिसराने पूर्वेकडच्या शहरांतून येणाऱ्या टोळीवाल्यांचा धसका घेतला आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कोणालाही नोंदणी बंधनकारक केली. पुढे इतर शहरांनीही हाच कित्ता गिरवला. लॉस एंजेलिस शहराच्या नियमात बाहेरून येणाऱ्यांचा हिशेब बारकाईने मांडलेला होता. शिक्षा झालेला माणूस शहरात पाच दिवसांहून अधिक राहिला, किंवा तीस दिवसांत पाच वेळा शहरात आला, की त्याने नोंदणी करायची. नोंदणीविना गेलेला प्रत्येक दिवस हा वेगळा गुन्हा. शिक्षा दुसऱ्या राज्यात झालेली असली, तरी ते कृत्य कॅलिफोर्नियात गंभीर गुन्हा ठरत असेल तर सुटका नव्हती.

या नियमाची परीक्षा १९५७ साली लँबर्ट खटल्यात झाली. बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली ही बाई शहरात सात वर्षांहून अधिक काळ राहत होती आणि असा काही नियम आहे याची तिला गंधवार्ता नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिच्या बाजूने कौल दिला. ज्या कर्तव्याची कल्पना असण्याचे काहीच कारण नाही, ते पाळले नाही म्हणून नुसत्या शहरात राहणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवता येणार नाही, असा निकालाचा आशय होता. निकाल गाजला, पण नोंदणीची कल्पना त्याने मोडीत निघाली नाही.

केवळ लैंगिक गुन्ह्यांसाठी राज्यभर लागू होणारी पहिली नोंदवही कॅलिफोर्नियाने त्याआधीच, १९४७ साली, उघडली होती. मुलांवरच्या अत्याचारांचे कारण पुढे केले गेले, पण प्रौढ पुरुषांमधले परस्परसंमतीचे संबंधही तेव्हा गुन्हा होते. त्यामुळे पोलिसांनी पकडलेल्या अनेक समलिंगी पुरुषांची नावे या वहीत चढली. कॅलिफोर्नियाने असे संबंध गुन्ह्यांच्या यादीतून काढले ते १९७५च्या कायद्याने. नावे मात्र वहीत राहिली आणि ती काढून घेण्याची वाट त्यानंतर वीसेक वर्षांनी मोकळी झाली. एकदा चढलेले नाव उतरवणे किती कठीण असते, हे पहिल्याच नोंदवहीने दाखवून दिले होते. पुढच्या चार दशकांत फार थोड्या राज्यांनी कॅलिफोर्नियाचे अनुकरण केले. वही पोलीस ठाण्यातच राही आणि सामान्य माणसाला ती पाहता येत नसे.

चित्र पालटले ते १९८९ नंतर. त्या वर्षी २२ ऑक्टोबरला मिनेसोटातल्या सेंट जोसेफ या छोट्या गावात अकरा वर्षांचा जेकब वेटरलिंग भाऊ आणि मित्राबरोबर सायकलवरून घरी परतत होता. वाटेत तोंड झाकलेल्या बंदूकधारी माणसाने त्याला पळवले. तपास करणाऱ्यांकडे परिसरातल्या जुन्या लैंगिक गुन्हेगारांची यादी नव्हती. त्याची आई पॅटी वेटरलिंग हिने यादीसाठी चळवळ उभारली आणि १९९४ साली अमेरिकी काँग्रेसने जेकबच्या नावाचा कायदा केला. प्रत्येक राज्याने नोंदवही ठेवावी, नाही तर केंद्राकडून पोलीस कामासाठी मिळणाऱ्या ठराविक अनुदानाचा दहा टक्के भाग गमवावा, अशी त्याची रचना होती. जेकबचे अवशेष २०१६ साली सापडले, तेव्हा कबुली देणारा माणूस त्याच भागातला निघाला. घटनेच्या वेळी लैंगिक गुन्ह्याची शिक्षा त्याच्या नावावर नव्हती, म्हणजे तेव्हा यादी असती तरी तिच्यात तो सापडला नसता. खुद्द पॅटी वेटरलिंग यांनीही नोंदणीचा पसारा वाढत गेल्यावर त्याच्या उपयोगाविषयी जाहीरपणे शंका घेतली.

जुलै १९९४ मध्ये न्यू जर्सीत सात वर्षांच्या मेगन कांकाची हत्या झाली. मारेकरी समोरच्या घरात राहणारा होता आणि मुलांवरच्या अत्याचारासाठी त्याला आधी दोनदा शिक्षा झाली होती. शेजाऱ्यांना हे ठाऊक असते तर, हा तिच्या आईवडिलांचा सवाल देशभर पोहोचला. तीनच महिन्यांत न्यू जर्सीने आणि १९९६ साली केंद्राने ‘मेगनचा कायदा’ केला. पोलिसांपुरती असलेली वही लोकांसमोर आली आणि थोड्याच वर्षांत इंटरनेटवर गेली. भारताने २०१८ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत लैंगिक गुन्हेगारांची माहितीसूची सुरू केली. तिच्यात चार लाखांहून अधिक नोंदी होत्या, पण अमेरिकेचा हा धडा तिने गिरवला नाही. ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते.

राज्याची सीमा हा प्रश्न मात्र अजून सुटायचा होता. भारतात दंडसंहिता सगळ्या देशाला एकच आहे. अमेरिकेत फौजदारी कायदा मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत येतो आणि पन्नास राज्यांच्या पन्नास संहिता आहेत. एका राज्यात नोंदलेला माणूस रातोरात दुसऱ्या राज्यात गेला की पहिल्या राज्याचे हात आखडत आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताच नसे. १९९६च्या पॅम लिचनर कायद्याने ‘एफबीआय’कडे राष्ट्रीय सूची आणली. १९९७च्या दुरुस्तीने एका राज्यात राहून दुसऱ्यात नोकरी किंवा शिक्षण करणाऱ्याला दोन्हीकडे नोंदणी करायला लावली. २००३ साली अलास्काच्या ‘स्मिथ विरुद्ध डो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी ही शिक्षा नसून नागरी स्वरूपाची व्यवस्था आहे, असे ठरवले. त्यामुळे जुन्या गुन्ह्यांनाही ती मागाहून लावण्याची मुभा मिळाली.

खरी जखडबंदी आली ती २७ जुलै २००६ रोजी. फ्लोरिडातल्या एका मॉलमधून सहा वर्षांच्या अ‍ॅडम वॉल्शचे अपहरण होऊन त्या दिवशी पंचवीस वर्षे पूर्ण झाली होती. त्याच्या नावाच्या कायद्याने गुन्हेगारांचे तीन स्तर केले आणि त्यांच्या नोंदणीची मुदत अनुक्रमे पंधरा वर्षे, पंचवीस वर्षे आणि आजन्म अशी ठरवली. वर्षातून एकदा, सहा महिन्यांनी किंवा तीन महिन्यांनी स्वतः हजर राहून माहिती पडताळून द्यायची. राहते घर, नोकरी किंवा शिक्षणसंस्था बदलली तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवायचे. हे न करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत केंद्रीय तुरुंगवास होऊ शकतो. पण केंद्राने राज्याच्या गुन्हेगाराला हात कोणत्या अधिकाराने लावायचा? उत्तर जुनेच होते. राज्याराज्यांमधल्या व्यापाराचे नियमन हा केंद्राचा अधिकार आहे. याच आधारावर १९१० साली अनैतिक हेतूने स्त्रियांना सीमेपार नेणे आणि १९१९ साली चोरीची मोटार सीमेपार नेणे हे केंद्रीय गुन्हे ठरले होते. त्याच धाटणीने राज्याच्या न्यायालयात शिक्षा झालेल्या माणसाबाबत सीमा ओलांडणे हा गुन्ह्याचा आवश्यक घटक झाला. मूलनिवासींच्या राखीव प्रदेशात शिरणे किंवा तिथून बाहेर पडणे हेही त्यात धरले गेले. ज्या सीमेमुळे माणूस निसटत होता, तिनेच केंद्राला त्याच्यावर पकड दिली.

मग वाद सुरू झाले ते प्रवासाचेच. अलाबामात नोंदणी केलेला कार नावाचा एक माणूस २००४-०५च्या सुमारास इंडियानात राहायला गेला. तिथे त्याने नोंदणी केली नाही आणि २००७ साली एका मारामारीच्या निमित्ताने तो पोलिसांच्या नजरेत आला. कायदा होण्याआधीचा प्रवास गुन्ह्यात धरायचा का? २०१०च्या कार खटल्यात न्यायालयाने नाही म्हटले. आधी कायद्याखालचे बंधन, मग प्रवास, मग नोंदणीतली कसूर, असा क्रम जुळला तरच गुन्हा पुरा होतो. २०१३च्या केबोडॉ खटल्यातला माणूस टेक्सासातल्या टेक्सासातच हलला होता. पण त्याला शिक्षा हवाई दलाच्या न्यायालयात झालेली असल्याने केंद्राला सीमेची गरजच पडली नाही. २०१९च्या गंडी खटल्यातला कैदी पेनसिल्वेनियातून न्यूयॉर्कच्या पुनर्वसनगृहात बसने एकटाच आला आणि सुटकेनंतर त्याने नोंदणी केली नाही. तेवढ्यावरून देशापुढे घटनात्मक पेच उभा राहिला. २००६ पूर्वी शिक्षा झालेल्या सुमारे पाच लाख लोकांना कायदा लावायचा की नाही, हे महान्यायवादींवर सोडणे योग्य आहे का? न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी ते चालवून घेतले.

निकोल्स खटल्याचा तपशील मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये कॅन्ससचा हा रहिवासी कोणालाही न सांगता नाहीसा झाला. त्याने फोन बंद केले, घराच्या किल्ल्या घरमालकाच्या पेटीत टाकल्या आणि मनिलाचे विमान गाठले. पुढच्याच महिन्यात त्याला फिलिपिन्समध्ये पकडून परत आणले गेले. कॅन्ससला पत्ताबदल कळवला नाही, हा त्याच्यावरचा आरोप. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो आरोप फेटाळला. कायदा पत्ता बदलल्यानंतर तीन दिवसांत कळवायला सांगतो, आणि तोवर निकोल्स कॅन्ससमध्ये राहतच नव्हता. फिलिपिन्स तर अमेरिकी नोंदणीच्या कक्षेतच येत नाही. कायद्यात एवढे मोठे भोक दहा वर्षे उघडे राहिले होते.

ते बुजवण्याचे काम निकालाआधीच झाले होते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ओबामांनी ‘आंतरराष्ट्रीय मेगन कायद्या’वर सही केली. नोंदणीकृत माणसाने परदेशप्रवासाची आगाऊ सूचना द्यायची. त्यासाठी एकवीस दिवसांची मुदत ठरलेली आहे. जाण्याच्या देशाला ही माहिती अमेरिकी यंत्रणा पुढे कळवतात. अल्पवयीनांविरुद्धच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन नोंदणीखाली असलेल्यांच्या पासपोर्टमध्ये तसा शेरा छापला जातो, आणि २०१७च्या अखेरीस याची अंमलबजावणी सुरू झाली. पाकिटात मावणारे पासपोर्ट-कार्ड अशा लोकांना मिळतच नाही, कारण त्यावर हा शेरा बसवण्याची सोय नाही.

देशातल्या देशात फिरणे त्याहून गुंतागुंतीचे आहे. संमतिवय कुठे सोळा, कुठे सतरा, कुठे अठरा. त्यामुळे एका राज्यात गुन्हाच नसलेले कृत्य शेजारच्या राज्यात नोंदणीला पात्र ठरते. फ्लोरिडात वर्षभरात मिळून तीन दिवस मुक्काम झाला तरी तो तात्पुरता निवास धरला जातो आणि अठ्ठेचाळीस तासांत नोंदणी करावी लागते. राज्य सोडून गेलेल्याचे नावही फ्लोरिडाच्या यादीवर राहते. त्याच राज्यात मायामी परिसराने शाळांपासून अडीच हजार फुटांच्या आत राहण्यास बंदी घातली, तेव्हा जागा न मिळालेले कित्येक जण ज्युलिया टटल कॉजवे या पुलाखाली तंबू ठोकून राहिले. २०१०च्या सुमारास ती वस्ती हटवली गेली. लॉस एंजेलिसच्या जुन्या नियमात निदान पाच दिवसांची मोकळीक होती.

२००६चा कायदा एकसारखेपणासाठी केला गेला, पण निम्म्याहून कमी राज्यांनी तो पुरेसा अमलात आणला आहे. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने हिशेब करून पाहिला, तर कापल्या जाणाऱ्या अनुदानापेक्षा अंमलबजावणीचा खर्चच जास्त निघाला. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमावलीने भूमिका अशी घेतली की राज्याने केंद्राच्या कसोट्या स्वीकारल्या नसल्या तरी व्यक्तीवरचे केंद्रीय बंधन कायम राहते. राज्याची कचेरी एखादी माहिती घ्यायलाच तयार नसेल, तर आपल्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे नोंदणी झाली नाही, असा बचाव आरोपी करू शकतो. तो सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र त्याचीच असते.