खत कधी टाकायचं? इंग्लंडमधल्या एका शेताची पावणेदोनशे वर्षांची गोष्ट

आजच्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना पुढेमागे झालेली काही वाक्यं इथे सरळ करून घेतली आहेत.

सुरुवात घरातल्या भांडणापासून करतो. जुलैत गावाकडे होतो. धाकट्या भावानं सकाळी मक्याला युरिया फेकला आणि त्याच रात्री जो पाऊस लागला तो दोन दिवस हटला नाही. अण्णा ओसरीवरून म्हणाले, "खत ओढ्याला घातलंस बाबा." भाऊही चिडलेला. तो म्हणाला, "तुम्ही बैल विकले नसते तर शेणखत तरी असतं." मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

खत कोणतं आणि खत कधी, हे दोनच प्रश्न. पण ते ज्या शेतात नीट मोजूनमापून विचारले गेले, ते शेत आपल्यापासून फार लांब आहे. लंडनच्या उत्तरेला, हार्टफर्डशर परगण्यात हार्पेंडन नावाचं गाव आहे. तिथली रोथमस्टेड ही जमीनदारी. तिचा मालक जॉन बेनेट लॉज, जन्म 1814. ऑक्सफर्डला गेला, पण पदवी न घेताच परतला आणि विसाव्या वर्षी इस्टेट पाहू लागला. त्याला रसायनांचा नाद होता. घरातली एक चांगली झोपायची खोली त्यानं प्रयोगशाळा करून टाकली. आईला ते मुळीच आवडलं नाही, असं सांगतात.

त्या काळात इंग्लंडमधले शेतकरी शेतात हाडांचा चुरा टाकत. काही जमिनींत तो लागू पडायचा, काहींत अजिबात नाही. हाडांतलं स्फुरद पाण्यात सहज विरघळत नाही, ही खरी अडचण होती. लॉजनं त्या चुऱ्यावर गंधकाम्ल ओतलं. जे तयार झालं ते सुपर फॉस्फेट. आपल्याकडे कृषी केंद्रात जाऊन "दोन पोती सुपर द्या" म्हणतात ना, तेच. 1842 साली त्यानं पेटंट घेतलं, पुढच्या वर्षी लंडनजवळ डेप्टफर्डला कारखाना काढला आणि त्याच वर्षी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या तरुण रसायनशास्त्रज्ञाला नोकरीवर ठेवलं. दोघांनी मिळून 57 वर्षं काम केलं. 1900 मध्ये लॉज गेला तेव्हाच ती जोडी फुटली.

आता खत विकणारा माणूसच खताचे प्रयोग करतोय म्हटल्यावर शंका येणारच. पण लॉजनं एक गोष्ट केली, जी विकणारे सहसा करत नाहीत. काही पट्टे त्यानं बिनखताचे ठेवले, काहींत फक्त शेणखत, काहींत फक्त नत्र, काहींत फक्त स्फुरद आणि पालाश, काहींत सगळं मिळून. आणि हे एक-दोन वर्षं नाही, तर दरवर्षी, त्याच पट्ट्यात तेच. ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात 1843 च्या शरद ऋतूत गहू पेरला, तो प्रयोग आजही चालू आहे. 1852 पासून हूसफिल्ड नावाच्या शेतात वसंतात पेरायच्या जवाचा, म्हणजे बार्लीचा, प्रयोग सुरू झाला. तोही चालू आहे.

इथे तिकडची शेती थोडी समजून घेऊ. गहू शरदात पेरला की तो थंडीभर जमिनीत असतो. वसंतातलं पीक मात्र साधारण मार्चमध्ये पडतं. हिवाळ्यात भिजून गार पडलेली चिकण माती सुकायला हवी, थोडी ऊब धरायला हवी. घाई केली तर बी कुजतं, उशीर केला तर पिकाचे दिवस कमी पडतात. आपण वाफसा पाहतो, तसंच हे. जुने इंग्रज शेतकरी विजार उतरवून जमिनीवर बसत आणि गारठा सोसवला तर पेरणी करत, असाही एक किस्सा तिकडे सांगतात. खरा-खोटा देव जाणे, पण मुद्दा पटतो.

पहिलं मोठं भांडण 'कोणतं खत' यावर झालं. जर्मनीतला थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग म्हणत होता की पिकाला लागणारं नत्र हवेतून आणि पावसातून पुरेसं मिळतं, तुम्ही फक्त खनिजं द्या. गिल्बर्ट हा लीबिगचाच विद्यार्थी, आणि रोथमस्टेडचे आकडे गुरूच्या विरुद्ध निघाले. नुसती खनिजं घातलेल्या पट्ट्यात गहू फारसा वाढेना. नत्र घातलं की भरायचा. लीबिगनं स्वतःचं खतही बाजारात आणलं होतं. ते पावसात वाहून जाऊ नये म्हणून मुद्दाम न विरघळणारं केलं, आणि नेमकं त्यामुळेच ते फसलं. हा वाद वर्षानुवर्षं चालला. इकडे इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी लॉजच्या सन्मानासाठी वर्गणी जमवली, तेव्हा तो म्हणाला, चांदीची भांडी नकोत, प्रयोगशाळा बांधून द्या. ती 1855 मध्ये उभी राहिली.

दुसरा प्रश्न 'कधी'. तो माझ्या भावाचा प्रश्न. ब्रॉडबाल्कच्या पट्ट्यांखाली 1849 मध्ये पाणी निचऱ्यासाठी कौलारू नळ घातले होते. हेतू साधा, शेत चिबड होऊ नये. पण 1860 च्या दशकात ऑगस्टस वोल्कर या रसायनशास्त्रज्ञानं त्या नळांतून येणारं पाणी तपासलं. त्यात नायट्रेट सापडलं. जितकं नत्र जास्त घातलेलं, तितकं नळाच्या पाण्यात जास्त. तोवर अमोनियाचं खत शरदात, पेरणीच्या वेळीच घालायचे. पुढे सगळा हिवाळा पाऊस, आणि रोप एवढंसं. ते खाणार किती? उरलेलं नत्र पाण्याबरोबर खाली जायचं. पुढे बहुतेक पट्ट्यांवरची ही मात्रा वसंतात, पीक वाढीला लागल्यावर, द्यायला सुरुवात झाली.

म्हणजे बघा, खत पिकाच्या भुकेच्या वेळी द्यायचं असतं, आपल्या सवडीनं नाही. वरखत विभागून द्या, असं आज कृषी सहायक सांगतो तेव्हा त्याच्या मागे त्या नळांतलं पाणी आहे. अण्णा ओसरीवरून जे म्हणाले, ते वोल्करनं बाटलीत भरून मोजलं होतं.

या वोल्करचा मुलगा, जॉन ऑगस्टस वोल्कर, 1889 मध्ये सरकारच्या सांगण्यावरून भारतात आला. इथली शेती मागासलेली, ती सुधारायची कशी हे सांग, असं काहीसं काम होतं. त्यानं देशभर फिरून 1893 मध्ये अहवाल दिला आणि त्यात उलटंच लिहिलं. इथला शेतकरी अडाणी नाही, कित्येक बाबतींत इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे. त्याचं दुखणं वेगळं होतं. सरपण नाही म्हणून शेण चुलीत जातं, आणि शेतासाठी उरत नाही. म्हणून गावाजवळ सरपणाची झाडं लावा, असा त्याचा आग्रह होता. आज आपल्याकडे गॅस आलाय, पण गोठाच रिकामा झालाय.

रोथमस्टेडचा आणखी एक धागा थेट आपल्या कृषी महाविद्यालयांत पोचतो. सत्तरहून अधिक वर्षांच्या नोंदींचे गठ्ठे साठले होते. त्यांचा अर्थ लावायला 1919 मध्ये रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाला बोलावलं. ते गठ्ठे उपसताना आणि नवे प्रयोग आखताना त्यानं आधुनिक संख्याशास्त्राचा मोठा भाग रचला. शेतातले पट्टे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे, म्हणजे आपल्या मनातला कल आकड्यांत शिरत नाही, हा विचार त्याचाच. ती पद्धत भारतातल्या कृषी संशोधकांच्या हातात ज्या पुस्तकानं दिली, त्याचे लेखक पानसे आणि सुखात्मे. त्यातले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. 1954 च्या त्या पुस्तकाचा उल्लेख नसलेला कृषी प्रबंध शोधून सापडणार नाही.

आता भावाच्या टोमण्याकडे येऊ. शेणखत की रासायनिक? व्हॉट्सॲपवर या विषयावर दोन फौजा आहेत. रोथमस्टेडचं उत्तर दोघांनाही अडचणीत टाकतं. पहिल्या काही दशकांत सगळी खतं योग्य प्रमाणात मिळालेल्या पट्ट्यांनी शेणखताच्या पट्ट्यांइतकंच पीक दिलं. आणि रासायनिक खतावरचे पट्टे एवढ्या वर्षांनंतरही मेलेले नाहीत, पिकतात. पण शेणखताच्या पट्ट्यांतली माती हळूहळू वेगळीच झाली. तिच्यात सेंद्रिय कर्ब साठत गेला.

आणि हूसफिल्डमध्ये एक पट्टा असा आहे की मी त्याच्याबद्दल वाचून थांबलोच. 1852 ते 1871, वीस वर्षं, त्याला दरवर्षी एकरी 14 टन शेणखत घातलं. मग बंद केलं. त्यानंतर काहीच नाही. पीक उतरत गेलं, पण शंभर वर्षं उलटून गेल्यावरही ते कधीच खत न मिळालेल्या पट्ट्यापेक्षा वरच राहिलं. मातीतला कर्बही अजून जास्त आहे.

हे जसंच्या तसं आपल्याकडे लागू होत नाही, हेही सांगायला हवं. तिकडे थंडी आहे, सेंद्रिय पदार्थ सावकाश कुजतो. आपल्या उन्हात तो लवकर जळतो. आणि एकरी 14 टन शेणखत आज आणणार कुठून? एवढं टाकलं तर त्यातूनही नायट्रेट झिरपतं, तेही तिथल्या मोजमापांत दिसलंय.

तरी गावाला फोन करून अण्णांना मी हा पट्टा समजावून सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या बापानं टाकलेलं शेणखत मी खाल्लं." मी हो म्हणालो. "आणि मी काय टाकलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बैल विकले तेव्हा घरात माझ्या शिक्षणाची फी भरायची होती. हे भावालाही माहीत आहे.

यंदा त्यानं दोन गोष्टी ठरवल्यात. युरिया दोन हप्त्यांत, हवामानाचा अंदाज पाहून. आणि विहिरीकडच्या दहा गुंठ्यांत दरवर्षी शेणखत, शेजारचे दहा गुंठे तसेच. दोन्हीकडचं पीक वेगळं मोजायचं आणि वहीत लिहायचं. वही मी विकत घेऊन दिली. पहिल्या पानावर तारीख अण्णांच्या हातची आहे.

तुमच्या घरी अशी जुनी शेताची वही असेल तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच.