मोर, हंस आणि चंद्र : ब्रह्मदेशातील फुटीर ध्वजांविषयी

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ साली इंग्रजांचा बंदी म्हणून रत्नागिरीत आला. १९१० साली तो येथील राजवाड्यात राहावयास गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याच्या कोनबाउंग घराण्याचे राजचिन्ह मोर हे होते. पालि साहित्याच्या वाचकाला हा मोर परका नाही. मोरजातकातील सुवर्णमयूर सकाळ-संध्याकाळ सूर्याला आणि बुद्धांना वंदन करतो व त्यामुळे पारध्याच्या पाशातून सुरक्षित राहतो. मोरपरित्त म्हणून त्या गाथा थेरवादी देशांत आजही म्हटल्या जातात. महापरिनिब्बान सुत्तात चितेतील निखारे नेणाऱ्या पिप्फलिवनाच्या मोरियांचे नावही परंपरा याच पक्ष्याशी जोडते. आपला वंश शाक्यांपर्यंत नेणाऱ्या ब्रह्मी राजांना सूर्याचा प्रतिनिधी असलेला मोर जवळचा वाटला, यात नवल नाही.

परंतु मोराच्या छायेखाली सगळेच सुखी नव्हते. दक्षिणेतील मोन लोकांनी १७४० साली ब्रह्मी सत्ता झुगारून हंसावतीचे, म्हणजे आजच्या बगोचे, राज्य पुन्हा उभे केले. कोनबाउंग घराण्याचा संस्थापक अलौंगपया याने १७५७ साली ते मोडले. राज्य गेले, हंस मात्र राहिला : मोन लोकांच्या तांबड्या निशाणावर उडता सोनेरी हंस आहे. उभय पक्षांचे भिक्खू एकाच तिपिटकाचे पठण करीत होते, ही गोष्ट बौद्ध वाचकाने डोळ्याआड करू नये.

पुढची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. जपानच्या छत्राखाली १९४३ साली स्थापन झालेल्या राज्याने पिवळ्या-हिरव्या-तांबड्या पट्ट्यांवर मोर बसवला. शान लोकांनी १९४७ साली स्वीकारलेल्या ध्वजाचे रंग तेच, क्रमही तोच. मोराच्या जागी मात्र पांढरा चंद्र. त्यातील पिवळा रंग बौद्ध धम्माचा मानतात. ब्रह्मी परंपरेत मोर सूर्याचा आणि ससा चंद्राचा, हे ठाऊक असले की ही निवड बोलकी वाटते. १९४७ च्या संविधानाने शान व करेन्नी राज्यांना दहा वर्षांनंतर संघराज्यातून बाहेर पडण्याचा अधिकार दिला होता. तो कागदावरच राहिला आणि १९६२ च्या लष्करी उठावानंतर कागदही उरला नाही.

करेन लोकांच्या ध्वजावर उगवता सूर्य आणि कांस्याचा ढोल आहे. १९४९ पासून तो ब्रह्मी सैन्याविरुद्ध फडकत आला. पण १९९४ च्या अखेरीस ख्रिस्ती नेतृत्वावर नाराज झालेले बौद्ध करेन सैनिक त्याच ध्वजाखालून फुटून निघाले. इकडे १९६१ साली बौद्ध धम्माला राजधर्माचा दर्जा मिळाल्याने काचिन ख्रिस्ती आणखी दुरावले होते. धम्माला राजसत्तेचे निशाण बनविण्याची किंमत अशी मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. धजग्ग सुत्तात सक्क देवांना भय वाटल्यास आपल्या ध्वजाकडे पाहावयास सांगतो. बुद्ध म्हणतात, त्याने भय जाईल किंवा जाणारही नाही. कारण सक्क स्वतःच राग, द्वेष आणि मोह यांतून सुटलेला नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत थिबाच्या समाधीस येऊन गेले. त्यांच्या देशाचा ध्वज दोनच वर्षांपूर्वी बदलला होता : पिवळा, हिरवा, तांबडा आणि मध्ये पांढरा तारा. थिबाचा मोर त्यावर नव्हता.